तळहातबाबा आणि एक्केचाळिसावा पट्टा

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. सकाळी आठ वाजून वीस मिनिटे. मैदानावर माणसे एकशे त्रेचाळीस, कुत्री दोन, महाराज एक. मोजणी माझी. ती मी दोनदा केली, कारण पहिल्या खेपेस एक कुत्रे जागा बदलून पुन्हा हिशेबात आले होते.

या मैदानावर सामन्यालादेखील एवढी माणसे जमत नाहीत. ती जमली होती एका बंद पडलेल्या गवतगाडीभोवती. ही गाडी बसून चालवायची आणि बॅटरीवर धावणारी आहे. सीटखाली आठ बॅटऱ्या, मागच्या चाकांना दोन मोटरी, पोटाखाली तीन पाती आणि प्रत्येक पात्याला स्वतंत्र मोटर. मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली, गवताचा एक चढ आहे. त्या चढावर गाडी हटून बसली होती. शेजारी कमरेवर हात ठेवून माझी पुतणी उभी होती. गाडी चालवण्याचे काम तिचे.

गाडीच्या नाकाडावर उजवा तळहात टेकवून एक गृहस्थ डोळे मिटून उभे होते. राखाडी झगा, पायात पांढरे कापडी बूट आणि चेहऱ्यावर दाढदुखीची व समाधीची सारखीच छटा. खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. लोक त्यांना तळहातबाबा म्हणत. गाडी बंद पडू लागल्याच्या दुसऱ्या रविवारपासून सचिव त्यांना बोलावून आणत होते.

"शांतता राखा!" मैदान समितीचे सचिव ओरडले. त्या क्षणी मैदानावर सर्वांत मोठा आवाज त्यांचाच होता.

"यंत्रालाही प्राण असतो," बाबा संथपणे म्हणाले. "प्राण दुखावला की यंत्र रुसतं. मी ऊर्जा देत नाही, बाळांनो. ऊर्जा ब्रह्मांड देतं. मी फक्त मधली वायर."

"इन्शुलेशन बघा केवढं आहे वायरीला," पुतणी माझ्या कानाशी पुटपुटली.

गाडीवर चालकासमोर एक छोटा पडदा आहे. बॅटरीत किती जीव उरला, ते त्यावर टक्क्यांत दिसते. आकडा होता चौदा. चार्जर शेडमध्ये, म्हणजे दोनशे पावलांवर होता. आणि तरीही, बाबांचा हात ठेवलेला असताना, आकडा चढू लागला. सतरा. बावीस. अठ्ठावीस. लोक लिलावात बोली लावावी तसे प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणू लागले. अकरा मिनिटांत पडदा सेहेचाळिसावर पोचला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा लावून आकडा तपासला. त्या गर्दीत शास्त्रीय वृत्तीचे तेवढे एकच दर्शन घडले.

मग बाबांनी डोळे उघडले. सीटखालचे झाकण उघडायला लावून त्यांनी बाटलीतले मंतरलेले पाणी बॅटऱ्यांवर शिंपडले. "ती पिवळी गुंडी आधी खाली दाब," त्यांनी पुतणीला फर्मावले. "आता किल्ली फिरव. तोंड उताराकडे."

गाडी सुरू झाली आणि उतारावरून शेडपर्यंत मुकाट्याने गेली. टाळ्या पडल्या.

मी पुढे झालो. "महाराज, जरा तळहात पाहू?"

"भविष्य सांगता वाटतं?" बाबा म्हणाले. एकशे त्रेचाळीस माणसे हसली. मी लोहचुंबक शोधत होतो. वायर, पट्टी, काहीही चालले असते. सापडले काय, तर अंगठ्याच्या बुडाशी जुना, टणक घट्टा. मी तो पाहिला आणि विसरलो. आयुष्यभर विद्यार्थ्यांना निरीक्षणे लिहून ठेवा म्हणून दटावणाऱ्या माणसाकडून हे घडले, याची येथे नोंद करतो.

हशा विरल्यावर बाबांनी गंभीर स्वर लावला. "चार रविवार गाडी रुसते आहे. दर वेळी आधीपेक्षा लवकर रुसते. का? कारण तिला हा हात मानवत नाही." त्यांचे बोट माझ्या पुतणीकडे होते.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुतणी चौतीस वर्षांची. आठ वर्षे तिने एका कारखान्यात उभ्याने खोकी भरली आणि पायांच्या शिरा फुगल्यावर नोकरी सोडली. हे बसून करायचे, उघड्यावरचे काम तिला मिळाले ते सहा महिन्यांच्या चाचणीवर. ती मुदत २६ ऑक्टोबरला संपणार होती आणि त्या दिवशी समितीचे सात सदस्य तिला कायम करायचे की काढायचे हे ठरवणार होते. ती आणि तिची आई, म्हणजे माझी वहिनी, दोघींचे घर या पगारावर चालते. आणि सचिवांना एक मेव्हणा होता, ज्याला काहीतरी काम लावून द्यावे असे सचिवांच्या पत्नीचे ठाम मत होते.

सोमवारी मी माझे मीटर घेऊन शेडमध्ये गेलो. रात्रभर चार्ज झालेल्या आठही बॅटऱ्या आणि त्यांच्यामधले जोड एकेक तपासले. एकूण दाब पन्नास पूर्णांक आठ व्होल्ट, म्हणजे निर्दोष. मी सुवाच्य अक्षरात अहवाल लिहिला, "दोष आढळला नाही" या शब्दांखाली रेघ मारली आणि तो सचिवांना दिला. बाबांचे थोतांड उघडे पडेल असा माझा समज होता.

सचिवांनी तो अहवाल समितीपुढे अक्षरशः गाऊन दाखवला. "तंत्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षं शिकवलेल्या माणसाचं लेखी मत! गाडीत दोष नाही. मग दोष कुणात उरला?"

पुतणीने माझ्याकडे पाहिले नाही. तिने पाहिले असते तर बरे झाले असते.

गुरुवारी मेव्हण्याला गाडीवर बसवण्यात आले. त्याने सबंध मैदान चढासकट कापले आणि गाडी एकदाही थांबली नाही. "शुद्ध हात," बाबा म्हणाले. मेव्हण्याने स्वतःच्या हाताकडे कौतुकाने पाहिले. त्यापूर्वी त्या हाताने कोणते काम केल्याचे कोणालाही आठवत नव्हते.

रविवारी, १९ तारखेला, पुतणी पुन्हा गाडीवर बसली. या वेळी गाडी चढाला लागताक्षणीच बंद पडली आणि बाबांनी पुन्हा पाणी शिंपडले.

त्या संध्याकाळी मी वहिनीच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. पुतणीने भिंतीवरचे कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवले. प्रत्येक रविवारच्या चौकोनात पेन्सिलीने एक आकडा होता. मैदान छप्पन्न पट्ट्यांत कापले जाते. पहिले चाळीस सपाटीचे, शेवटचे सोळा चढावरचे. सपाटी आधी, कारण प्रेक्षकांच्या नजरेत भरते ती. ही या मैदानाची जुनी रीत. आकडे होते ते गाडी कितव्या पट्ट्याला थांबली त्याचे. चोपन्न, एक्कावन्न, सत्तेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस.

"हे आधी का नाही दाखवलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, काका? तुम्ही मीटरला विचारत होतात."

मी चहाचा घोट घेतला. तो घ्यावाच लागला.

"आणि मीटरला तरी नीट कुठे विचारलंत?" ती पुढे म्हणाली. "गाडी शेडमध्ये उभी असताना कधी रुसली आहे का? ती रुसते चढावर, पाती फिरत असताना. मग तिला सावलीत बसवून 'कशी आहेस' विचारून काय उपयोग?"

"तुझ्या बाबांचा खोकलासुद्धा डॉक्टरांच्या खोलीत शिरलं की थांबायचा," वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या. "जिन्यावर नेऊन ऐकवला तेव्हा कुठे औषध मिळालं."

एकतीस वर्षांत मी हजारभर मुलांना शिकवले असेन की भाराखाली तपासल्याशिवाय जोडणीवर विश्वास ठेवू नका. ते वाक्य मला परत मिळाले ते स्वयंपाकघरात, खोकल्याच्या रूपाने.

बुधवारी सकाळी आम्ही गाडी चढाच्या पायथ्याशी नेली. आठ बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडायच्या तर मध्ये सात जोड येतात: तांब्याची पट्टी, दोन्ही टोकांना नट. मी एका जोडाला मीटरच्या लांब तारा चिकटपट्टीने बांधायचो, पुतणी मीटर मांडीवर घेऊन पाती फिरवत चढ चढायची आणि आकडा ओरडून सांगायची. सात जोड, सात फेऱ्या. माझे वय अडुसष्ट असल्याने शेजारून चालताना मीही गाडीसारखाच दमलो.

"शून्य पूर्णांक एक!" पहिल्या चार फेऱ्यांत हेच उत्तर. पाचव्या फेरीत तिचा आवाज बदलला.

"काका, तीन! तीन व्होल्ट!"

"थांब तिथेच. आता किती?"

"थांबल्यावर शून्य."

हेच ते. सोमवारी मी याच जोडापाशी, उभ्या गाडीवर, शून्य वाचले होते आणि रेघ मारली होती.

उरलेले दोन जोडही तपासले. ते ठणठणीत होते. मग मीटर बाजूला ठेवून झाकणाखाली वाकून नीट पाहिले. पाचव्या पट्टीवर हिरवट-पांढरा थर साचला होता आणि जवळच्या प्लास्टिकला जळका वास येत होता. बाटलीतल्या मंतरलेल्या पाण्याची ओल पट्टीच्या खोबणीत अजून होती. मी बोट लावून चाखले. प्रयोगशाळेत असे करणाऱ्याला मी बाहेर काढत असे. चव खारट होती. म्हणजे बाबा ब्रह्मांडाची ऊर्जा मीठ घालून देत होते.

चित्र पूर्ण झाले, असे मी म्हणणार तोच पुतणीने दोन बोटांनी नट धरून फिरवला. तो फिरला.

तिने तो उलटाही फिरवून पाहिला.

"मीच," ती म्हणाली. "सप्टेंबरात पट्ट्या घासून साफ केल्या, तेव्हा पाना सचिवांच्या मेव्हण्याने स्कूटरसाठी नेला होता. हा एक नट मी हातानेच आवळला. उद्या पाना आला की बघू म्हटलं. पाना काही आला नाही आणि मी विसरले." ती झाकणाकडे पाहत होती. "म्हणजे पहिल्यांदा थांबली ती माझ्यामुळे. पुढचं मीठ बाबाचं."

मी इकडेतिकडे पाहिले. मैदान रिकामे होते. "आत्ता घासून आवळला तर कुणाला कळणार नाही," मी म्हणालो. हे मी म्हणालो, हेही लिहून ठेवतो.

"मग रविवारी गाडी चालेल आणि बाबा म्हणेल, माझ्या पाण्याने बरी झाली. सांगितलं तर मी जाईन, काका. नाही सांगितलं तर तो राहील." तिने झाकण बंद केले. "नट तसाच राहू दे. सगळ्यांसमोर उघडू."

रविवार, २६ ऑक्टोबर. माणसे दोनशे सहा. पुतणीने सपाटीचे चाळीस पट्टे कापले आणि गाडी चढाला लागली. एक्केचाळिसाव्या पट्ट्यावर मोटरींचा सूर खाली आला आणि सर्व शांत झाले. पडद्यावर चौदा.

बाबा बाह्या सावरत पुढे आले.

"थांबा, महाराज," पुतणी म्हणाली. "आज तुम्हाला विश्रांती." तिने शेडच्या दाराशी पडलेला एक गमबूट आणला आणि गाडीच्या नाकाडावर, बरोबर बाबांच्या जागी, उभा करून ठेवला.

"हा काय थिल्लरपणा?" सचिव कडाडले.

"शांतता राखा," मी म्हणालो. "गमबूट एकाग्र होतो आहे."

आजी पुढे सरकल्या. "डाव्या पायाचाच का गं?"

"उजव्याला भोक आहे, आजी."

पडद्यावर सोळा आले. मग एकवीस. कोणीतरी मागून दबक्या आवाजात "एकवीस!" म्हटले आणि स्वतःच दचकले. तीस. अडतीस. अकराव्या मिनिटाला सत्तेचाळीस.

"बाबांपेक्षा एक जास्त," पुतणीने जाहीर केले.

"मग आता बुटाला हार घालायचा का?" गर्दीतून आवाज आला. सारे मैदान हसले. पण दोघातिघांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न खराच उमटलेला मला दिसला, म्हणून मी घाईने बोलायला सुरुवात केली.

"गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि नळाच्या एका वळणात कचरा अडकला आहे, असं समजा. एकच नळ उघडला तर पाणी बरं येतं. घरातले सगळे नळ एकदम उघडले की धार करंगळीएवढी होते. सगळे बंद करा, दाब पुन्हा पहिल्यासारखा दिसतो. टाकीत कुणी थेंबही भरलेला नसतो. हा पडदा बॅटरीतला साठा मोजत नाही, नुसता दाब पाहून अंदाज बांधतो. सपाटीवर मोटरी थोडी वीज ओढतात. चढावर, पाती दाट गवतात फिरताना, एकशे साठ अँपिअर ओढतात. तेव्हा दाब चाळीस व्होल्टच्या खाली जातो आणि बॅटऱ्या वाचवण्यासाठी गाडी स्वतःला बंद करते. ती उभी राहिली की दमलेल्या बॅटऱ्या सावरतात, दाब वर येतो आणि आळशी आकडा त्याच्यामागे सावकाश चढतो. हात ठेवा, बूट ठेवा, काही ठेवू नका. नंतर पाती बंद करून उतारावर सोडली की ती जाणारच."

"मग माझ्या मेव्हण्याला कशी चालली?" सचिवांनी शेवटचा बाण सोडला.

"त्यांनी पात्यांचा दांडा सगळ्यांत वरच्या खाचेत ठेवला होता," पुतणी म्हणाली. "गवत कापलं नाही, विंचरलं. भार कमी, म्हणून गाडी चालली. शुक्रवारी चेंडू गवतातच अडकत होता, विचारा खेळाडूंना."

खेळाडूंनी माना डोलावल्या. मेव्हण्याने शुद्ध हात खिशात घातले.

मग तिने झाकण उघडले. हिरवी पट्टी सर्वांना दाखवली, चार वेळा शिंपडलेल्या पाण्याची बाटली दाखवली, आणि आवाज न चढवता म्हणाली, "हा नट सैल होता. तो मी ठेवला. हाताने आवळला आणि विसरले. चूक माझी. मीठपाण्याने ती चौपट झाली, ते यांचं. ज्याला जे ठरवायचं ते हे ऐकून ठरवा."

कोणी हसले नाही. मला वाटते, एवढ्या महिन्यांत त्या मैदानावर कोणी कबूल केलेली ही पहिलीच चूक असावी.

"बाबा," मी म्हणालो, "एकच विनंती. पाती फिरत असताना, गाडी चढ चढताना, हात ठेवून चाला. आकडा पडू देऊ नका. मी आत्ता सांगितलेलं सगळं जाहीरपणे मागे घेतो."

"शक्तीची परीक्षा घेऊ नये."

"बरं, मग एवढंच सांगा," पुतणी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली. "किल्लीआधी पिवळी गुंडी दाबून पाती बंद करावी लागतात, नाहीतर ही गाडी सुरूच होत नाही. हे बॅटरीची गाडी चालवलेल्यालाच माहीत असतं. आणि तुमच्या हाताला घट्टाही तसाच आहे." तिने स्वतःचा तळहात पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा नुकताच धरू लागला होता. "कुठल्या गोदामात होतात?"

बाबांनी आधी तिच्या हाताकडे आणि मग आजूबाजूला पाहिले.

"मालधक्क्यावर," ते हळूच म्हणाले. झग्यातला आवाज आता वेगळा, साधा होता. "बॅटरीची ओझ्याची गाडी, ओझं उचलायची गुंडी अशीच पिवळी. बारा वर्षं. दुपारी दमली की अकरा मिनिटं उभी करायचो. साहेब विचारायचा, काय मंत्र मारतोस रे? तिथून सुचलं."

ते निघाले. गर्दीने त्यांना वाट दिली, पण पाय कोणी धरले नाहीत. गाडीजवळून जाताना त्यांनी वाकून, सवयीने, पिवळी गुंडी खाली दाबलेली आहे ना ते पाहिले.

मेव्हण्याला पाना आणायला घरी पाठवले. पट्टी घासली, पुसली, दोन्ही नट आवळले. काम नऊ मिनिटांचे. पैकी तीन मिनिटे मेव्हणा हात पुढे करूनही पाना सोडत नव्हता, त्यात गेली. तेवढ्यात समितीने चढाखालीच मतदान उरकले. सचिव आणि आणखी एक सदस्य विरोधात, पाच बाजूने. एका सदस्याने कारण लिहायला लावले: "चूक सांगते, म्हणून."

वाचकहो, एवढेच मागणे. चमत्कार दिसला की तो मोजा. कितव्या पट्ट्याला झाला, किती मिनिटे चालला, हाताच्या जागी बूट ठेवला तर काय होते, हे लिहून ठेवा. आणि वस्तू जिथे बिघडते तिथेच तिला तपासा. माझ्यासारखे सावलीत बसून प्रमाणपत्र लिहू नका.

पुतणी सीटवर बसली. पात्यांचा दांडा सर्वांत खालच्या खाचेत, पाती सुरू. मीटर या वेळी माझ्या हातात होते आणि पाचव्या जोडावर शून्य पूर्णांक एकच्या पुढे गेले नाही. गमबूट कोणीतरी काढायला विसरले होते. तो नाकाडावर डुगडुगत तिच्याबरोबर चढ चढला आणि पन्नासाव्या पट्ट्याला खाली पडला. गाडी थांबली नाही.

ठरलेले पट्टे छप्पन्न. कापलेले पट्टे छप्पन्न.